चांदीची स्मारक नाणी: वापरातली आणि कोरी, मराठवाड्यात बसून संग्रह कसा उभा करायचा

मराठवाड्यातल्या जुन्या घरांत शोधलं तर चांदीचं एखादं नाणं निघतंच. देवघरातल्या तबकात राणीछाप रुपया असतो, आजीच्या गाठोड्यात निजामाच्या हालीचे दोन-चार रुपये असतात, आणि सत्तरच्या सुमारास घरात कुणी नोकरदार असेल तर गांधीजींचं दहा रुपयांचं जाडजूड नाणंही सापडतं. तरीही फार थोड्या घरांत संग्रह म्हणण्यासारखं काही उरतं. दर दिवाळीला ही नाणी चिंच लावून घासली जातात, आणि अडचणीचं वर्ष आलं की सराफाच्या काट्यावर मोडीत जातात.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने एक गोष्ट आधी मनात पक्की करावी. चांदीचा भाव चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. नाण्याचा टांकसाळीत तयार झालेला मूळ पृष्ठभाग मात्र एकदा गेला की जगातला कोणताही कारागीर तो परत आणू शकत नाही. संग्राहक पैसे मोजतो ते त्या पृष्ठभागाचे. खाली सांगितलेलं सगळं त्याच्याभोवतीच फिरतं.

काय गोळा करायचं, हे आधी ठरवा

स्वतंत्र भारताचं पहिलं स्मारक नाणं १९६४ चं, पंडित नेहरूंचं. पण ते निकेलचं आहे, चांदीचं नव्हे. यात्रेतल्या दुकानांत ते 'चांदीचं नेहरू' म्हणून विकायला ठेवलेलं दिसतं, तिथे भुलू नका.

चांदीची मालिका सुरू होते १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या दहा रुपयांपासून. वजन १५ ग्रॅम, चांदी ८० टक्के, म्हणजे निव्वळ चांदी १२ ग्रॅम. नाण्यावर १८६९-१९४८ एवढंच दिसतं, पाडल्याचं वर्ष वेगळं दिलेलं नाही. सुरुवात करायला यापेक्षा चांगलं नाणं मला सुचत नाही. ते मोठ्या संख्येने पाडलं गेलं, त्यामुळे मिळतं, आणि चेहरा मोठा असल्यामुळे झीज कुठून सुरू होते हे डोळ्याला लवकर कळतं. त्याच्या पाठोपाठ १९७० आणि १९७१ ची 'सर्वांसाठी अन्न' या विषयावरची दहा रुपयांची नाणी येतात. वजन आणि चांदी तीच.

१९७२ ला स्वातंत्र्याची पंचवीस वर्षं झाली. त्या वर्षीचं दहा रुपयांचं नाणं मोठं आहे, साडेबावीस ग्रॅमचं, पण चांदी ५० टक्क्यांवर आली. १९७३ ला 'अधिक धान्य पिकवा' या विषयावर दहा आणि वीस रुपयांची नाणी निघाली, वीस रुपयांचं ३० ग्रॅमचं. हा विषय संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मोहिमेतला. पण मराठवाड्यातल्या माणसाने १९७३ हे साल आणि त्यावरचा अन्नाचा संदेश एकत्र पाहिला की बहात्तरचा दुष्काळ आठवल्यावाचून राहत नाही. खडी फोडायला गेलेल्या पिढीचं साल त्या नाण्यावर आहे. आपल्या भागातल्या संग्रहात ते असावंच, असं मला मनापासून वाटतं.

१९७४ पासून चांदी पन्नास रुपयांच्या नाण्यात गेली आणि दहा रुपयांचं नाणं तांबे-निकेलचं झालं. इथे बरेच जण फसतात. 'दहा रुपयांचं जुनं मोठं नाणं म्हणजे चांदी' हे गणित १९७३ पर्यंतच खरं आहे. १९८० पासून शंभर रुपयांची नाणी सुरू झाली. त्यांची नेहमीची मोजणी ३५ ग्रॅम वजन आणि ४४ मिलिमीटर व्यास. मिश्रण चार धातूंचं: ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबे, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. हेच मिश्रण पुढेही चाललं. २०२३ मध्ये नव्या संसद भवनासाठी काढलेल्या पंचाहत्तर रुपयांच्या नाण्याचंही वजन, व्यास आणि मिश्रण हेच.

परदेशी नाण्यांकडे वळायचं असेल तर अमेरिकेची १८९२ ते १९५४ या काळातली स्मारक नाणी 'क्लासिक' मानली जातात. बहुतेक अर्ध्या डॉलरची, साडेबारा ग्रॅमची आणि ९० टक्के चांदीची. त्यातलं पहिलं, शिकागोच्या कोलंबियन प्रदर्शनाचं १८९२-९३ चं, एक डॉलरला विकायला ठेवलं होतं. अपेक्षेइतकं खपलं नाही, म्हणून उरलेला मोठा साठा दर्शनी किमतीला बाजारात सोडला गेला. त्यामुळे आजही झिजलेला कोलंबियन स्वस्त मिळतो, आणि त्याचं निष्कलंक रूप कितीतरी पट महाग असतं. स्मारक नाणं वापरात गेलं की काय होतं, हे समजायला याहून स्पष्ट उदाहरण नाही.

सगळं गोळा करू नका. एक मालिका निवडा. १९६९ ते १९७९ ची दहा, वीस आणि पन्नास रुपयांची चांदीची नाणी हा आटोपशीर आणि पुरा होऊ शकणारा संच आहे.

हात बसवायला हाली आणि कलदार

कोरं, म्हणजे कधीच वापरात न गेलेलं, स्मारक नाणं घेण्यापूर्वी झिजलेली चांदी ओळखता आली पाहिजे, आणि ती शिकायला मराठवाड्याइतकी सोयीची जागा कमी. आपल्याकडे निजामाचा हाली आणि इंग्रजांचा कलदार असे दोन्ही रुपये चालायचे. हैदराबाद संस्थान भारतात आल्यावरही हाली एकदम बंद झाला नाही. सात हालीला सहा भारतीय रुपये असा दर होता, आणि १९५९ पर्यंत त्याला कायदेशीर मान्यता राहिली. म्हणूनच तो आपल्या सराफांकडे अजूनही येतो.

हालीवर चारमिनार असतो. मधल्या कमानीत बघा: उर्दू 'मीम' असेल तर मीर महबूब अली खान यांचा, 'ऐन' असेल तर मीर उस्मान अली खान यांचा, म्हणजे १९११ नंतरचा. साल हिजरी असतं. त्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा, इसवी सन जवळपास मिळतो. १३३० म्हणजे १९१२. वजन ११.१८ ग्रॅम, चांदी सुमारे ८१.८ टक्के. १९४० च्या दशकात हीही चांदी घटली.

कलदार ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि चांदी ९१.६७ टक्के. १९४० ते १९४५ च्या रुपयात मात्र चांदी निम्मी आहे. त्याची खूण कडेवर सापडते: दातेरी कडेच्या मधोमध खाच फिरलेली असते. १९४७ चा वाघाचा रुपया तर शुद्ध निकेलचा. पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया दिसला तर भिंग घेऊन राजाच्या झग्यावरचा हत्ती पाहा. सोंड आखूड असल्यामुळे तो डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि १९१२ पासून तो सुधारला गेला.

असे पाच-सहा झिजलेले रुपये वजनाच्या भावाला घ्या आणि रोज हाताळा. शिकण्याची फी म्हणून ही सर्वांत स्वस्त आहे.

झीज वाचणं

इथे घाई करू नका. संग्रहातला अर्धा पैसा याच कौशल्यावर वाचतो किंवा बुडतो.

टेबललॅम्पखाली बसा. छतावरची ट्यूबलाईट चालणार नाही, तिचा पसरट उजेड सगळे दोष लपवतो. एकाच बाजूने येणारा पिवळसर दिवा हवा. खाली मऊ टॉवेल अंथरा म्हणजे नाणं निसटलं तरी इजा होणार नाही. नाणं दोन बोटांनी फक्त कडेला धरा आणि दिव्याखाली हळूहळू तिरपं करत फिरवा. कोऱ्या नाण्यावर उजेडाचे पट्टे बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे गोल फिरतात. ठशाच्या दाबाने धातू बाहेरच्या बाजूला सरकताना ज्या अतिसूक्ष्म रेषा उठतात, त्यांच्यामुळे हे होतं. थोडंही हाताळलं गेलं की उंचवट्यांवर हे फिरणं तुटतं आणि तिथे फिकट करडा डाग दिसतो.

गांधींच्या नाण्यावर आधी गालाचं हाड बघा, मग भुवई, मिशी आणि कानाची वरची कड. मागे वळवलं की सिंहांच्या आयाळीचे तुकडे. कोऱ्या नाण्यात मिशीचे केस वेगळे उमटतात. ते एकजीव झाले असतील आणि गालावर करडेपणा असेल तर नाणं वापरातलं आहे, विकणारा काहीही म्हणो. कलदारवर राणीच्या कपाळावरचे केस आणि पोशाखाची वेलबुट्टी आधी जाते. पंचम जॉर्जचा कान आणि मुकुटावरचे क्रूस आधी जातात. हालीवर मिनारांची टोकं.

एक अडचण मात्र सगळ्यांना येते. कधीकधी नाणं मुळातच कमी दाबाने पाडलेलं असतं, तेव्हा उंचवट्याचा तपशील उमटतच नाही. झीज आणि कमकुवत ठसा यांतला फरक चमक सांगते. तपशील नाही पण तिथेही उजेड फिरतोय, तर ठसा कमकुवत. तपशीलही नाही आणि उजेडही मेलेला, तर झीज.

बाजारात दर्जाची नावं इंग्रजीच चालतात: फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रा फाइन, अबाउट अनसर्क्युलेटेड, अनसर्क्युलेटेड. पेटीबंद दर्जांकनात, म्हणजे संस्था नाणं तपासून, दर्जा लिहून सीलबंद पेटीत देते तेव्हा, आकडे १ ते ७० असतात आणि ६० पासून पुढे कोरी नाणी. कोरं म्हणजे निर्दोष असं मात्र समजू नका. टांकसाळीत नाणी एकमेकांवर आपटतात, पोत्यांत भरली जातात; मोठ्या जड शंभर रुपयांच्या नाण्याच्या मोकळ्या भागावर अशा टोच्या हमखास असतात. त्या चालतात. बोटांचे ठसे आणि घासल्याच्या रेघा चालत नाहीत.

प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेलं नाणं, हा वेगळाच प्रकार. त्याचे ठसे आणि ज्यांवर नाणं पाडतात त्या धातूच्या चकत्या आधी चकाकून घेतलेल्या असतात, त्यामुळे मोकळी जागा आरशासारखी आणि चित्र दुधी दिसतं. मुंबईच्या प्रूफवर आधी 'बी' आणि नंतरच्या काळात 'एम' अक्षर येतं. साध्या नाण्यांवर सालाखाली मुंबईची चौकटीसारखी टिकली, हैदराबादचा तारा, नोएडाचा गोल ठिपका. कोलकात्याची खूण नसतेच. पॉलिशचं चाक फिरवलेलं साधं नाणं प्रूफ म्हणून खपवण्याचे प्रयत्न होतात. ते ओळखायला अक्षरांची मुळं बघा. खऱ्या प्रूफमध्ये आरसा थेट अक्षराच्या पायापर्यंत जातो. पॉलिश केलेल्यात अक्षरांच्या कडा गोलसर होतात, खाचांत करडा मळ उरतो आणि भिंगाखाली एकाच दिशेच्या केसासारख्या रेघा दिसतात.

खरं की खोटं

०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा, व्यास मोजायला व्हर्नियर, १० पट मोठं दाखवणारं भिंग आणि एक साधं लोहचुंबक, एवढं सामान पुरे. चुंबकाला चिकटलं तर प्रश्नच मिटला. वजन चांगल्या नाण्यात छापील आकड्याच्या अगदी जवळ हवं. झिजलेला कलदार साडेअकरा किंवा थोडा खाली भरतो, ते ठीक आहे.

शंका उरली तर पाण्याची परीक्षा करा. काट्यावर अर्धा पेला पाणी ठेवून शून्य करा. नाण्याला नायलॉनचा बारीक दोरा बांधा आणि ते पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. अंगाला बुडबुडे चिकटले तर झटका. आता काट्यावर जो आकडा दिसेल तो नाण्याने सारलेल्या पाण्याचा. नाण्याचं वजन त्याने भागा. गांधींचं नाणं १५ ग्रॅम आणि आकडा १.४८ आला, तर घनता १०.१, ८० टक्के चांदीला हेच शोभतं. कलदारला १०.३ च्या आसपास यायला हवं, आणि पन्नास टक्के चांदीच्या चार धातूंच्या नाण्याला साडेनऊच्या आसपास. जर्मन सिल्व्हरची नक्कल ८.६ च्या जवळ जाते, म्हणजे तेवढ्याच वजनाला आकडा १.७ च्या पुढे. कोऱ्या आणि प्रूफ नाण्याला मात्र ही परीक्षा लावू नका. दोऱ्यानेही ओरखडा पडतो.

ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाची, रामदरबार किंवा हनुमान असलेली, १६१६ किंवा १८१८ अशी सालं घातलेली 'नाणी' तीर्थक्षेत्रांच्या बाजारांत सर्रास मिळतात. कंपनीने तशी नाणी कधी चलनात आणली नाहीत. ती श्रद्धेची टोकनं आहेत. १९३९ चा रुपया दुर्मीळ म्हणून त्याच्या नकला आणि आकडा कोरून बदललेली नाणी खूप फिरतात. पेटीबंद आणि दर्जांकित नसेल तर तो घेऊच नका.

खरेदी

छत्रपती संभाजीनगरचा सराफा, जालना, लातूर, नांदेड, परभणी, बीड, कुठेही जुन्या पेढीशी ओळख वाढवा. पेरणीच्या तोंडावर बी-बियाणांसाठी घरातली चांदी मोडीला येते, तेव्हा मोडीच्या डब्यात नाणीही असतात. सराफाला सांगून ठेवा: "मामा, नाणी वितळवायच्या आधी मला एकदा बघू द्या, वजनावर थोडं वर देतो." पुष्कळ पेढ्यांवर हे चालतं. आणि एक विनंती आवर्जून करा, की दाखवायच्या आधी ती स्वच्छ करू नका. गिऱ्हाइकाला चकचकीत माल दाखवायची त्यांची सवय असते.

किंमत ठरवताना आधी चांदीचं मूल्य काढा: वजन गुणिले शुद्धता गुणिले आजचा ग्रॅमचा भाव. गांधींच्या नाण्यात १२ ग्रॅम, शंभर रुपयांच्यात साडेसतरा, कलदारमध्ये सुमारे १०.७, हालीत नऊच्या थोडं वर. घासलेल्या, कडी लावलेल्या किंवा कडी काढून डाग राहिलेल्या नाण्याला यापेक्षा फारसं जास्त देऊ नका. कडेवर, घड्याळात बारा असतात त्या जागी, नेहमी बोट फिरवून बघा. गळ्यातल्या माळेतून निघालेल्या नाण्याला तिथे डाखाचा उंचवटा लागतो. कोऱ्या नाण्याला चांदीच्या वर जे मोजाल ते दर्जासाठी, म्हणून दर्जाची खात्री नसेल तर थांबा.

फोनवर 'तुमचं जुनं नाणं लाखांना घेतो, आधी कमिशन भरा' असं सांगणारे भामटे आहेत. रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या ऑगस्टमध्ये स्पष्ट केलं की ती अशा व्यवहारांत नाही आणि कसलंही शुल्क घेत नाही. विकणाऱ्याकडून कुणी आगाऊ पैसे मागितले की फोन ठेवून द्या.

घासू नका

चिंच, लिंबू, रांगोळी, राख, दंतमंजन, खायचा सोडा, सराफाचं रिठ्याचं पाणी आणि ब्रश, सगळं बंद. लक्ष्मीपूजनाला नाणं हवंच असतं, तर त्यासाठी एक झिजलेला रुपया वेगळा काढून घरच्यांच्या हवाली करा आणि संग्रहातल्या नाण्यांना हळदी-कुंकू लागू देऊ नका. घरात वाद होऊ नये म्हणून हे आधीच बोलून ठेवलेलं बरं.

काळपट, निळसर, तांबूस रंग चढला तर तो हवेतल्या गंधकामुळे. समान चढलेला असा रंग जाणकारांना आवडतो, आणि तो पुराव्यासारखा असतो की नाणं कुणी छेडलेलं नाही. काढायची परवानगी फक्त दोन गोष्टींना: सुटा मळ, तो ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून, आणि तेलकट किंवा हिरवट चिकट थर, तो शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून. नेलपॉलिश काढायचं रंगीत, वासाचं द्रव चालणार नाही. चोळायचं नाही. सुती कपड्यावर टेकवून टिपायचं.

ठेवणं

मऊ, वासाच्या प्लास्टिकचे अल्बम टाळा. त्यातलं पीव्हीसी उन्हाळ्याच्या चाळिशीपार उष्म्यात हिरवा चिकट द्रव सोडतं. मायलार नावाच्या पारदर्शक प्लास्टिकची पाकिटं किंवा कडक पारदर्शक कॅप्सूल घ्या, नाण्याच्या व्यासाचीच. रबरबँड, लोकर आणि वर्तमानपत्राचा कागद जवळ नको. रबरात गंधक असतं. पत्र्याच्या छताखालच्या माळ्यावर ठेवण्यापेक्षा आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट बरं. मृगापासून परतीच्या पावसापर्यंत डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रंग बदलला की बदला. टांकसाळीचा मूळ डबा, कार्ड, पावती फेकू नका. त्यासकट संचाला जास्त किंमत येते.

प्रत्येक नाण्यासाठी वहीत एक ओळ लिहा: कोणतं, साल, टांकसाळ, मोजलेलं वजन, तुम्ही ठरवलेला दर्जा, कुणाकडून, केव्हा, कितीला. काही महिन्यांनी वही न बघता पुन्हा दर्जा लावा आणि जुळवून पाहा. डोळा सुधारल्याचं त्यातून कळतं.

कायदा

शंभर वर्षं झालेलं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. त्यामुळे राणीछाप रुपया दर्जांकनासाठी परदेशी कुरिअर करू नका. वाडा पाडताना किंवा शेतात नांगराला नाण्यांचं मडकं लागलं, तर १८७८ चा गुप्तधन कायदा आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. असा ठेवा सराफाकडे फुटला की तो कुठे, कशात, कोणत्या नाण्यांसोबत होता ही माहिती कायमची जाते. तेरच्या संग्रहालयात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाच्या इतिहास वस्तुसंग्रहालयात एकदा जाऊन या, म्हणजे जागेवरून नोंद होऊन आलेल्या वस्तूचं मोल लक्षात येईल.

नवी स्मारक नाणी सरकारी टांकसाळी आगाऊ मागणी घेऊन विकतात, साधी आणि प्रूफ अशी दोन्ही. मागणीची मुदत मर्यादित असते आणि ती संपल्यावर तेच नाणं विक्रेत्याकडून वाढीव दराने घ्यावं लागतं. त्यामुळे निवडलेल्या मालिकेला पुढचं जोडायचं असेल तर टांकसाळ महामंडळाच्या घोषणांवर लक्ष ठेवा, थेट तिथूनच मागवा, आणि डबा आला की तारीख, पावती क्रमांक आणि वजन त्याच दिवशी वहीत उतरवा.